बल्ब वीस रुपयांचा, मजुरी चारशेची

जुन्या गाडीच्या मीटरमधला बल्ब गेला, की मालक बहुतेक वेळा दोनपैकी एक करतो. एक तर वर्षानुवर्षं अंदाजाने वेग ओळखत रात्रीची गाडी चालवतो, नाही तर "मीटरच बदलावा लागेल, साहेब" हे ऐकून पाच-सहा हजार मोजून येतो. दोन्हीची गरज नाही. त्या काचेमागचा बल्ब दहा ते तीस रुपयांना मिळतो. पैसे लागतात ते त्याच्यापर्यंत हात पोचवायला: वरचं हुड काढा, मीटर सोडवा, केबल आणि कनेक्टर काढा आणि हे सगळं पुन्हा जागच्या जागी बसवा. म्हणून या कामाचा हिशोब एकच. मीटर बाहेर काढलाच आहे, तर गेलेला एक बल्ब बदलून थांबू नका, त्यातले सगळे बदलून घ्या.

हे सगळं लागू आहे ते ज्या गाड्यांत तार तापून उजळणारे जुन्या पद्धतीचे बल्ब आहेत त्यांना. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८००, तिच्यासोबतच्या झेन आणि एस्टीम, पहिली सँट्रो, पहिली इंडिका आणि कुणी जीव लावून सांभाळलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत एलईडी थेट सर्किटवर सोल्डर केलेले असतात. तिथे बल्ब बदलणं हा प्रकारच नाही. खाली दिलेले दर म्हणजे पुणे-मुंबईकडच्या साध्या दुकानांचा आणि गॅरेजांचा ढोबळ अंदाज आहे; गाव आणि गाडी बदलली की ते वर-खाली होणार.

आधी बल्बच गेलाय का ते बघा

पार्किंग लाइट लावा आणि गाडीच्या मागे जाऊन टेल लॅम्प बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचा उजेड आणि टेल लॅम्प एकाच फ्यूजवर असतात. दोन्ही बंद असतील तर फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी, आणि काम पाच-दहा रुपयांत संपतं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला टेकते आहे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेणं धोक्याचं आहे. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

टेल लॅम्प लागतात, पण अख्खा मीटर काळोखात आहे? मग डिमर तपासा. स्टिअरिंगजवळ किंवा मीटरच्या कडेला एक छोटं चाक किंवा बटण असतं, डॅशबोर्ड पुसताना ते सहज फिरतं आणि उजेड शून्यावर जातो. मीटरमागचे तीन-चार बल्ब एकाच रात्री एकदम जात नाहीत, त्यामुळे सगळा उजेड एकदम गेला असेल तर दोष बहुधा बल्बच्या अलीकडे आहे: फ्यूज, डिमर, कनेक्टर किंवा अर्थिंग. याउलट मीटरचा डावा भाग दिसतो आणि उजवा दिसत नाही, किंवा पेट्रोलच्या काट्यापुरताच अंधार आहे, तर तिथला बल्ब गेला आहे असं खुशाल समजा. डॅशबोर्डवर थाप मारली की उजेड येतो आणि खड्ड्यात पुन्हा जातो, तर बल्ब चांगला असून होल्डरचा संपर्क सैल किंवा काळा पडला आहे. त्यासाठीही मीटर काढावाच लागतो.

आणखी एक तपासणी मी आग्रहाने करायला सांगेन. बल्ब वारंवार जात असतील, तर बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी चार्जिंगचा व्होल्टेज मोजून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असायला हवेत. ते १५ च्या वर जात असतील तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे. तारेच्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजवर फार अवलंबून असतं; पाच टक्के व्होल्टेज वाढला तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. अशा गाडीत नवे बल्ब घातले तरी थोड्या महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं, शिवाय बॅटरीही उकळते. मल्टिमीटर लावून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि बहुतेक वायरिंगवाले त्याचे पैसेही घेत नाहीत.

जे बल्ब दिसत नाहीत ते जास्त महत्त्वाचे

मीटरचा उजेड गेला की लगेच कळतं. ऑइलचा किंवा बॅटरीचा लाल दिवा गेला, तर काहीच कळत नाही, कारण तो एरवीही बंदच असतो. म्हणून किल्ली फिरवून, इंजिन चालू न करता, क्षणभर मीटरकडे बघायची सवय लावा. ऑइल, बॅटरी आणि (ओढलेला असेल तर) हँडब्रेक हे दिवे त्या वेळी लागायलाच हवेत, आणि पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत चेक इंजिनचाही. यातला एक जरी लागला नाही, तर त्या बल्बचं काम मीटरच्या उजेडाच्या आधी.

ऑइलचा दिवा गेलेली गाडी चालवणं म्हणजे इंजिनचा एकमेव पहारेकरी काढून टाकणं. ऑइलचा दाब पडला तर इंजिन आवाज करू लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि खर्च हजारांत जातो. दिवा लागत नसेल तर बल्ब दोषी की इंजिनवरचा ऑइल प्रेशर स्विच, हे मीटर न उघडता कळतं. किल्ली चालू ठेवून त्या स्विचवरची वायर काढायची आणि तिचं टोक इंजिनच्या मोकळ्या धातूला टेकवायचं. दिवा लागला तर बल्ब ठीक, स्विच बदला. नाही लागला तर बल्ब किंवा वायर. हे तपासल्याशिवाय मीटर खोलायला सुरुवात करणाऱ्याला थांबवा.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत या बल्बमधून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब जळाला की इंजिन चालू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावरच सुरू होतं. लोक अशा वेळी अल्टरनेटर उतरवून दुरुस्तीला देतात आणि हजार-दोन हजार घालवतात. चार्जिंगची तक्रार घेऊन गेलात, तर किल्लीवर बॅटरीचा दिवा लागतो की नाही हे आधी सांगा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हीच तपासणी करावी. चेक इंजिनचा दिवा सतत पेटत असेल, तर काहीजण बिघाड काढण्याऐवजी बल्बच काढून ठेवतात. किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागलाच नाही, तर किंमत ठरवण्याआधी त्याचं कारण विचारा.

दुकानात काय मागायचं

मीटरमध्ये साधारण दोन जातींचे बल्ब येतात. एक काचेचा, खाली चपटा आणि बाहेर वळवलेल्या दोन बारीक तारा असलेला. त्यात मोठा तो टी-१० आणि बारीक तो टी-५. मोठा बहुतेकदा उजेडासाठी, बारीक इशाऱ्याच्या दिव्यांसाठी. दुसरी जात प्लॅस्टिकच्या होल्डरसकट येणारी, पाव वळसा देऊन बसणारी. ती एसीच्या पॅनेलमध्ये आणि स्विचमध्ये जास्त दिसते. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडरसारख्या गाड्यांत धातूच्या टोपीचे, खाचेत दाबून फिरवायचे छोटे बल्बही सापडतात. गाडीचं नाव सांगून बल्ब मागण्यापेक्षा जुना बल्ब हातात घेऊन जाणं शहाणपणाचं, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत मीटर वेगळे असू शकतात.

बल्बच्या बुडाशी व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात, तेच घ्यायचे. बारीक बल्ब बऱ्याचदा १.२ वॅटचा असतो. टी-१० मात्र ३ वॅटचाही येतो आणि ५ वॅटचाही, आणि दोघांचा आकार एकच. उजेड वाढवायला म्हणून तीनच्या जागी पाचचा घातला, की दीडपटीहून जास्त उष्णता त्या बंद डब्यात अडकते. होल्डर वितळतो, डायलवर डाग पडतो आणि मागच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर छापलेलं तांब्याचं सर्किट उचकटतं. त्या पट्टीवर सोल्डरिंग जमत नाही म्हणून मीटरच बदलावा लागतो, आणि वीस रुपयांची हौस पाच हजारांना पडते.

साधा बारीक बल्ब दहा-पंधरा रुपये, नावाजलेल्या कंपनीचा वीस-तीस, होल्डरसकट येणारा तीस ते ऐंशी. कंपनीच्या पार्ट नंबरने घेतलात तर याहून महाग पडेल, पण होल्डर बसेल की नाही ही शंका राहत नाही. छोट्या गाडीच्या मीटरमध्ये उजेडाचे आणि इशाऱ्याचे मिळून दहा-बारा बल्ब धरा. म्हणजे सगळे बदलले तरी दीडशे ते तीनशे रुपये. काही मीटरांत बल्बवर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते, उजेडाचा रंग त्या टोपीमुळे येतो. जुन्या बल्बवरची ती जपून काढून नव्यावर चढवायची. फाटली तर तेवढ्याच भागात पांढरा ठिपका दिसत राहतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरातली आणि पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं असे किरकोळ बल्ब ठेवतात. तिथे अख्खी डबी घेतली तर नग आणखी स्वस्त पडतो.

मजुरी

रस्त्यालगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मीटर काढून बल्ब बदलायचे दोनशे ते पाचशे रुपये पडतात. मारुती ८०० सारखी सोपी गाडी असेल तर खालच्या टोकाला, स्टिअरिंगचं आवरण आणि मधला पॅनेलही काढावा लागणारी गाडी असेल तर वरच्या. चांगल्या बहुब्रँड गॅरेजमध्ये पाचशे ते नऊशे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आठशे ते दीड हजार आणि वर जीएसटी. दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहेच. सुट्या भागांवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. त्यामुळे छापील बिलात कुणी बल्बवर २८ टक्के लावले असतील तर विचारा.

माझं मत विचाराल तर या कामाला सर्व्हिस सेंटरची गरज नाही. अनुभवी वायरिंगवाल्याने असे शेकडो मीटर काढलेले असतात आणि जुन्या प्लॅस्टिकचे हुक कुठे तुटतात हे त्याला ठाऊक असतं. एअरबॅग असलेली गाडी मात्र वेगळी: तिथे स्टिअरिंगच्या आसपासचे, बहुतेकदा पिवळ्या रंगाचे कनेक्टर ओळखणारा माणूस हवा. त्याचे दोनशे जास्त गेले तरी चालतील.

पैसे ठरवताना "एक बल्ब बदलायचे किती" असं विचारू नका. "मीटर खोलून सगळे बल्ब बदलून, तपासून, परत बसवायचे किती" असं विचारा. नाही तर मीटर बाहेर आल्यावर प्रत्येक बल्बमागे वेगळी मजुरी सांगितली जाते. दुसरं, काही तुटलं तर भरपाई कोण करणार हे आधी बोलून घ्या. वीस वर्षं उन्हात तापलेलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे एखादा हुक तुटणं हा निष्काळजीपणाच असतो असं नाही. पण काच फुटली किंवा काटा वाकला, तर तो आहेच. गाडी देण्याआधी मोबाइलवर मीटरचा एक फोटो काढा, त्यात किलोमीटरचा आकडा आणि काच स्पष्ट दिसू द्या. वाद मिटलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे; तिथे तक्रार करायला तो फोटो आणि बिल उपयोगी पडेल.

मीटर बाहेर असतानाच दोन कामं सांगून टाका. काचेची आतली बाजू पुसून घ्या, तिथे साचलेल्या धुळीनेही उजेड निम्मा होतो. आणि केबलवर चालणारा स्पीडोमीटर असेल, काटा थरथरत असेल, तर केबल ओढून काढून तिला वंगण लावून घ्या. वंगण खालच्या भागाला हलकं लावायचं, मीटरकडचं टोक कोरडं ठेवायचं. नाही तर ते चढत जाऊन मीटरमध्ये शिरतं. शंभर-दीडशे रुपयांत हे होतं, वेगळं केलंत तर पुन्हा पूर्ण मजुरी.

"मीटरच बदला" असा सल्ला मिळाला तर कारण विचारा. सर्किटची पट्टी जळली असेल किंवा काटे अडकत असतील तर सल्ला खरा आहे. फक्त उजेड नसेल तर खरा नाही. नवा मीटर गाडीप्रमाणे तीन ते आठ हजारांपर्यंत जातो, भंगारातला सातशे ते दोन हजारांत मिळतो. भंगारातल्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात, म्हणून जुना आणि नवा आकडा तारखेसह बिलावर लिहून घ्या. गाडी विकताना तो कागद तुमची बाजू घेतो.

स्विचचे दिवे

हॅझर्ड, मागच्या काचेचा डिफॉगर, एसीचं बटण, सिगारेट लायटर, हीटरचं पॅनेल यांत एक-एक बल्ब असतो. इथे खर्च बल्बवर कमी आणि बनावटीवर जास्त ठरतो. काही स्विचांच्या पाठीला छोटा होल्डर फिरवून निघतो. तिथे पन्नास रुपयांत काम होतं. काहींत दाण्याएवढा, दोन वायरींचा बल्ब आत सोल्डर केलेला असतो. तो बदलणारा कारागीर असेल तर शंभर ते दोनशे. काही स्विच सीलबंद असतात, त्यात पूर्ण स्विचच तीनशे ते हजाराला घ्यावा लागतो. स्विच नीट चालत असेल आणि फक्त त्याचा दिवा गेला असेल, तर मी हा खर्च करणार नाही. अपवाद हॅझर्डचा. अंधारात, घाटात गाडी बंद पडली तर ते बटण चाचपडत शोधायला लागू नये.

एलईडी घालावा का

मीटरच्या उजेडासाठी घालायला हरकत नाही; उष्णता कमी आणि आयुष्य मोठं. जोडी पन्नास ते दीडशे रुपयांना मिळते. पण अटी आहेत. एलईडीला उलट-सुलट असतं: लागला नाही तर काढून उलटा बसवायचा, म्हणून मीटर पूर्ण बंद करण्याआधी जोडून बघणं आलंच. जुन्या डिमरवर तो नीट मंद होत नाही, एकदम विझतो किंवा लुकलुकतो. हिरव्या टोपीमागे निळसर एलईडी घातला तर रंग विचित्र येतो, आणि स्वस्तातला प्रखर एलईडी रात्री डोळ्यांवर येतो. समोरचा अंधारा रस्ता त्याने आणखी काळा दिसतो.

बॅटरीच्या दिव्याच्या जागी एलईडी घालू नका. त्याच्यातून अल्टरनेटरला लागणारा प्रवाह पुरेसा जात नाही. काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून मीटरमध्ये एकच हिरवा दिवा असतो आणि तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो. तिथे एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल. इशाऱ्याचे सगळे दिवे साध्या बल्बचेच ठेवलेले बरे.

घरी करायचं असेल तर

हात बसलेला असेल आणि दीड-दोन तास असतील, तर मजुरी वाचते. स्टार स्क्रूड्रायव्हर, बॅटरीच्या टोकासाठी दहाचा पाना आणि हुक उचकायला प्लॅस्टिकची पट्टी एवढं पुरे. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. हुडचे स्क्रू बहुधा वरच्या कडेला आतल्या बाजूने असतात आणि सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून जिथला तिथेच जाईल असे ठेवा. मीटर सैल झाला की तो आपल्याकडे ओढू नका. मागे स्पीडोमीटरची केबल असते. तिची खिट्टी दाबून किंवा नट फिरवून ती आधी सोडवायची. ती आखूड वाटली तर बोनेटच्या बाजूने थोडी आत ढकलावी लागते. जोर लावला की खिट्टी तुटते आणि मग काटा कायमचा नाचतो.

होल्डर पाव वळसा डावीकडे फिरवून निघतो, काचेचा बल्ब सरळ ओढून. काळे पडलेले संपर्क साध्या खोडरबराने पुसा. पॉलिश पेपर वापरलात तर तांब्याचा पातळ थरच निघून जाईल. ऊन तापल्यावर प्लॅस्टिक थोडं नरम असतं, त्यामुळे हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा दुपारी काम केलेलं चांगलं.

मीटर पुरता बसवण्याआधी नुसते कनेक्टर लावून, बॅटरी जोडून किल्ली फिरवा: ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, इंडिकेटर, अप्पर, मग पार्किंग लाइट. गॅरेजमध्येही हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा, आणि दिवसा गाडी ताब्यात घेत असाल तर मीटरवर हाताचा आडोसा धरून उजेड बघा. काढलेले बल्ब मागून घ्या. त्यातले काही अजून चालणारे असतात; व्होल्ट-वॅट वाचता येणारा एक-एक नमुना चिंधीत गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलात, तर पुढच्या वेळी दुकानात तोच काउंटरवर ठेवता येईल.